‘पार्ट वरूनच नाही’ असं उत्तर मिळाल्यावर

गाडी वॉरंटीत आहे. बिघाड कुठे आहे तेही कळलंय आणि तो भाग फुकट बदलून द्यायला वर्कशॉप तयार आहे. अडलंय ते एवढ्यावरच: “दादा, पार्ट वरूनच नाही. आला की फोन करतो.”

हे उत्तर नकारापेक्षा वाईट असतं. नकार मिळाला तर माणूस भांडतो, तक्रार करतो. इथे समोरचा सर्व्हिस ॲडव्हायझर गोड बोलतो, चहा विचारतो, स्वतःच कंपनीला चार शिव्या घालतो. आपण ‘त्याच्या हातात काय आहे’ म्हणत घरी येतो. आठवडा जातो, महिना जातो. फोन येत नाही. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो, विम्याचे दिवस सरतात आणि वॉरंटीचेही सरतात.

बुलढाणा जिल्ह्यात हा त्रास जरा जास्तच जाणवतो. खामगाव, चिखली, मलकापूर, बुलढाणा इथे नेहमीच्या सर्व्हिसिंगची सोय असली, तरी गिअरबॉक्स उघडायचा किंवा इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तपासायची म्हटली की अनेक कंपन्यांच्या गाड्या अकोला, जळगाव नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य डीलरकडे पाठवल्या जातात. घाटाखालच्या जळगाव जामोदचा किंवा घाटावरच्या लोणारचा माणूस ‘एकदा दाखवून जा’ एवढ्यासाठी गेला तरी त्याचा अख्खा दिवस मोडतो. म्हणूनच आपल्याकडच्या गाडीमालकाने तोंडी आश्वासनावर विसंबून चालत नाही. पुढे दाद मागायची वेळ आली तर हातात कागद लागतो, आणि तो जमवायला पहिल्या भेटीपासून सुरुवात करावी लागते.

टंचाई खरी की सबब?

टंचाई खोटीच असते असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीने चिपचे कारखाने बंद पडले. पुढच्याच महिन्यात जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. त्याचे चटके भारतापर्यंत आले. त्या सप्टेंबरात आपलं उत्पादन नेहमीच्या साधारण ४० टक्क्यांवर येईल, असं मारुती सुझुकीने जाहीर केलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन घटण्याची चिंता पडली. अशा वेळी ईसीयू, सेन्सर, मोटार, डिस्प्ले असे भाग खरोखरच मिळत नाहीत, आणि त्यात तुमच्या गावच्या वर्कशॉपचा काही दोष नसतो.

पण क्लच, सस्पेन्शनचा भाग, दाराचं कुलूप यांच्यासाठीही महिना लागत असेल तर कारण बहुतेकदा जवळचंच असतं. कधी ऑर्डर टाकायचीच राहिलेली असते. कधी ती महिन्याच्या नेहमीच्या साठ्याच्या ऑर्डरीत ढकललेली असते, म्हणजे घाई कुणालाच नसते. कधी पार्ट नंबर चुकतो, आणि भाग आल्यावर कळतं की तो दुसऱ्या मॉडेलचा आहे. कधी डीलरचेच कंपनीशी पैशांचे व्यवहार तुंबलेले असतात. महागाचा भाग असेल तर वॉरंटीचा दावा कंपनीच्या अधिकाऱ्याने मंजूर करायचा असतो, आणि मंजुरीची ही फाइल अडकलेली असतानाही गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की ‘पार्ट नाही’.

म्हणून ‘कधी येईल?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘आठ-दहा दिवस’ असंच येतं. विचारायचं असं: भागाचा पार्ट नंबर काय? ऑर्डर कोणत्या तारखेला गेली आणि तिचा क्रमांक काय? वॉरंटीचा दावा मंजूर झालाय का? गाडी उभीच असेल तर ही ऑर्डर व्हीओआर म्हणून टाकली आहे का? गाडी रस्त्यावरून हटलेली असताना टाकायच्या तातडीच्या ऑर्डरीला या धंद्यात व्हीओआर म्हणतात. हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला की काउंटरपलीकडचा माणूस जरा सावरून बसतो. ज्याने ऑर्डर खरंच टाकलीय, तो संगणकाचा पडदा तुमच्याकडे फिरवून दाखवतो. ज्याने टाकलेली नाही, तो ती बहुधा त्याच दिवशी टाकतो. दोन्हींत तुमचंच काम होतं.

जॉब कार्ड

आपली माणसं सर्वांत जास्त इथेच फसतात. गाडी चालण्याजोगी असेल तर ॲडव्हायझर बॉनेट उघडून बघतो, ‘हो, हा सेन्सर गेलाय, मागवतो, तुम्ही जा’ म्हणतो आणि आपण निघतो. जॉब कार्ड उघडलेलंच नसतं. कागदोपत्री तुम्ही त्या दिवशी वर्कशॉपला गेलाच नव्हता. दोन महिन्यांनी भाग येतो, तोवर तुमची तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी ते, उलटून गेलेलं असतं आणि उत्तर मिळतं की वॉरंटी संपली. बिघाड वॉरंटीच्या मुदतीत दाखवला होता, हे मग सिद्ध कशाने करणार?

तेव्हा दोन मिनिटांचं काम असलं तरी जॉब कार्ड उघडून घ्या. त्यावर तारीख, किलोमीटरचं रीडिंग, चेसिस नंबर आणि तक्रार हवीच. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला सांगा. ‘जनरल चेकअप’ असं लिहून घेतलेलं कार्ड पुढे काहीच कामाचं नसतं. ‘चढावर गाडी ओढत नाही, इंजिनाचा दिवा लागतो’ असं लिहिलेलं कार्ड कामाचं. राजूर घाट चढताना गाडीची ओढ गेली असेल तर तसंच लिहा. नेमकी परिस्थिती नोंदली गेलेली असली की ‘आम्ही चालवून पाहिली, काही आढळलं नाही’ असं म्हणणं अवघड जातं. तपासणीनंतर कोणता भाग बदलायचा, तो वॉरंटीत आहे आणि सध्या उपलब्ध नाही, हा शेराही त्याच कागदावर यायला हवा. गाडी परत देताना कार्ड बंद करतात, तेव्हा शून्य रकमेचं का होईना, बिल घ्या आणि त्यावर ‘भाग प्रलंबित’ असं लिहून घ्या. ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही’ असं म्हणाले तर पेनाने लिहून सही-शिक्का मागा. तेही नाकारलं तर वर्कशॉपच्या आवारातूनच त्यांना ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा: आज अमुक वाजता गाडी दाखवली, तुम्ही अमुक सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तारीख-वेळ नोंदली जाते.

हाच मेल कंपनीच्या ग्राहक कक्षालाही पाठवा, फक्त डीलरला पाठवून थांबू नका. यामागे गोव्यातलं एक प्रकरण आहे. एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि डीलरने त्याच्या गळ्यात २००९ ची गाडी मारली. खालच्या ग्राहक आयोगांनी गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं, पण १८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मोकळं केलं. कारण असं की, डीलर आणि कंपनी यांचं नातं मालक-नोकराचं नाही, दोघांचा स्वतंत्र व्यवहार आहे, आणि डीलरने केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती हे दाखवलं गेलं नाही. वॉरंटी कंपनीने स्वतः दिलेली असते, त्यामुळे पार्टच्या प्रकरणात कंपनीला इतक्या सहज हात झटकता येणार नाहीत. तरीही ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ ही पळवाट तिच्यासाठी आपण का उघडी ठेवायची?

गाडी तिथे ठेवायची की घरी आणायची?

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांचा दोष असेल तर प्रश्नच नाही, गाडी तिथेच ठेवा. ‘चालवा हो सांभाळून’ असं सांगणाऱ्याला तेवढं वाक्य लिहून द्यायला सांगा. तो देणार नाही. बाकीच्या दोषांत, गाडी चालवल्याने बिघाड वाढणार नाही असं लेखी मिळत असेल तर ती घरी आणलेली बरी. महिनोन् महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात, आणि पावसाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात. उंदरांनी केलेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

ठेवावीच लागली तर सोडताना गाडीचे चारही बाजूंनी, डॅशबोर्डचे, टायरचे आणि बॉनेटखालचे फोटो काढा. स्टेपनी, जॅक, टेप यांची नोंद कार्डावर घ्या. मग पर्यायी गाडी मागा. काही कंपन्या काही योजनांत ती देतात, बऱ्याच देत नाहीत, पण मागणी लेखी असू द्या आणि त्या काळात केलेल्या भाड्याच्या गाडीची, एसटीची, रेल्वेची तिकिटं-बिलं जपून ठेवा. विम्याच्या पॉलिसीत रोजच्या भत्त्याचं ॲड-ऑन असलं तरी ते बहुधा अपघाताच्या दाव्यालाच लागू असतं, यांत्रिक बिघाडाला नाही. एजंटाने वेगळं सांगितलं असेल तर पॉलिसीचा कागद वाचून घ्या.

आणखी एक रस्ता अनेकांना ठाऊक नसतो. वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच डीलरकडे जायचं बंधन सहसा नसतं. अकोल्यात भाग नसेल तर तो जळगावला, संभाजीनगरला किंवा नागपूरला असू शकतो. आपल्या डीलरला इतर डीलरांचा साठा बघायला सांगा आणि स्वतःही दोन फोन करा. पार्ट नंबर हातात असला की हा फोन दोन मिनिटांत आटोपतो.

बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं तर वॉरंटी जाते का? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यात हाच मुद्दा होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत आणि बाहेर हात लावला की सगळी वॉरंटी रद्द करायची, हे आयोगाला मान्य नव्हतं. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. दंडाच्या रकमेवर नंतर अपिलं झाली, ती कहाणी लांब आहे. व्यवहारात मात्र माझं मत असं: टायर, वायपर, बल्ब बाहेर बदला, बिनधास्त. जो भाग वॉरंटीत बदलून मिळणार आहे, त्याला आणि त्याच्या आसपासच्या वायरिंगला बाहेरच्या माणसाचा हात लागू देऊ नका. तत्त्वाने तुम्ही बरोबर असाल, पण ते सिद्ध करायला वर्ष जाईल.

पत्र, १९१५ आणि आयोग

पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर पत्र लिहा. वकिलाचीच नोटीस हवी असं नाही. पोचपावतीसह स्पीड पोस्टने एक प्रत डीलरला आणि एक कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला जाऊ द्या. मजकूर इतकाच पुरे:

“माझी … मॉडेलची गाडी, नोंदणी क्रमांक …, चेसिस क्रमांक …, दिनांक … रोजी … किलोमीटरवर आपल्या वर्कशॉपमध्ये दाखवली. जॉब कार्ड क्रमांक …. तपासणीत … हा भाग नादुरुस्त आढळला व तो वॉरंटीत बदलून मिळेल असे आपण सांगितले. भाग उपलब्ध नसल्याच्या कारणाने आज … दिवस झाले तरी दुरुस्ती झालेली नाही. भागाची ऑर्डर कोणत्या तारखेस दिली, तिचा क्रमांक आणि भाग येण्याची अपेक्षित तारीख लेखी कळवावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, तसेच गाडी बंद राहिली तेवढ्या दिवसांनी वॉरंटी वाढवून द्यावी. अन्यथा पर्यायी वाहनाचा खर्च व नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे.”

शिवीगाळ, ‘तुमची इज्जत काढीन’, ‘पेपरात देईन’ यातलं काही त्यात नको. हे पत्र उद्या आयोगासमोर वाचलं जाणार आहे.

पत्र गेलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्या या तक्रारी डीलरच्या तक्रारवहीपेक्षा नक्कीच गांभीर्याने घेतात. शिवाय एकेकट्याची तक्रार इथे साठत जाते. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षात ओला इलेक्ट्रिकविरुद्ध दहा हजारांवर तक्रारी या हेल्पलाइनवर आल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. बहुतांश तक्रारी सोडवल्याचं कंपनीने नंतर सांगितलं.

शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा, आणि तो बुलढाण्यातच आहे. वॉरंटी पुस्तिकेत बारीक अक्षरांत ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असं छापलेलं असतं. ते वाचून लोक खचतात: मुंबई-चेन्नईला कोण जाणार? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ही अडचण काढून टाकली आहे. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी संभाजीनगरला घेतली, कंपनी तामिळनाडूतली आणि तुम्ही संग्रामपूरचे असाल, तरी तक्रार बुलढाण्यात चालते. जुलै २०२० पासून हा कायदा लागू आहे, तरी हे कलम माहीत नसल्यामुळे घरी बसलेले लोक आजही भेटतात.

गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचं. शुल्क किरकोळ आहे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. डीलर आणि कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. कायद्यात तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकालाचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. कंपनी अपिलात गेली तर तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, हे मात्र ग्राहकाच्या बाजूचं आहे.

मालवाहू पिकअप किंवा काळी-पिवळी चालवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून तक्रार चालत नाही, असा आक्षेप कंपनीचा वकील हमखास घेतो. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी गाडी घेतली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात तसं स्पष्ट लिहा: ही एकच गाडी आहे, मी स्वतः चालवतो, घर तिच्यावरच चालतं.

मागायचं काय? इथे पाय जमिनीवर ठेवावेत. ‘नवी गाडीच द्या’ ही मागणी सहसा टिकत नाही. मारुती उद्योगच्या २००६ मधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचा असतो, गाडी नव्हे. याला अपवाद आहेत. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून ह्युंदाई क्रेटा बदलून देण्याचा आदेश याच न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कायम ठेवला. पण तो जिवाशी गाठ असलेला दोष होता. पार्टच्या विलंबात ठरावीक मुदतीत दुरुस्ती, वाया गेलेल्या दिवसांइतकी वाढीव वॉरंटी, पर्यायी गाडीचा बिलांसह खर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढं मागा. हप्ते बंद मात्र करू नका. कर्ज बँकेचं आहे, तिचा या भांडणाशी संबंध नाही, आणि थकीत हप्त्याची नोंद तुमच्याच नावावर चढेल.

ज्यांच्या गाडीची कंपनीच देशातून गेली, त्यांची गोष्ट जरा निराळी. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही कंपन्यांनी सर्व्हिस आणि सुटे भाग पुरवत राहण्याचं आश्वासन दिलं होतं. आपल्याकडे शेवरोलेच्या तवेरा अजून दिसतात. त्यांची वॉरंटी कधीच संपली, आता प्रश्न भागांचा उरतो. अशी गाडी जुन्या बाजारातून घेणार असाल तर किमतीची घासाघीस करण्याआधी जवळच्या भाग-विक्रेत्याला चार भागांची नावं सांगून मिळतात का ते विचारा. नवी गाडी घेतानाही एक्सटेंडेड वॉरंटीच्या कागदावर देणारा कोण आहे ते बघा. कधी ती कंपनीची असते, कधी डीलरने भलत्याच संस्थेकडून घेतलेली असते, आणि मग जॉब कार्डावरून वाद होतो तेव्हा समोर कोण आहे हेच कळत नाही.

शेवटी भाग येतो आणि फोनही येतो. आनंदाच्या भरात गेट पासवर सही करून निघू नका. आधी गाडी चालवून बघा, ज्या परिस्थितीत दोष दिसायचा त्याच परिस्थितीत. बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. वॉरंटीतला जुना भाग सहसा कंपनीकडे परत जातो, त्यामुळे तो तुम्हाला मिळणार नाही, पण पाहता येतो. बिलावर नव्या भागाचा नंबर, शून्य रक्कम आणि ‘वॉरंटी’ हा शब्द आहे ना ते तपासा. किलोमीटर रीडिंग सोडतानाच्या फोटोशी ताडून बघा. ‘समाधानकारक’ असं छापलेल्या फॉर्मवर सही मागितली आणि शंका उरली असेल, तर सहीशेजारी ‘चालवून पाहिल्यावर कळवीन’ एवढं पेनाने लिहा. तोच दोष महिन्याभरात पुन्हा आला, तर नवं जॉब कार्ड उघडताना जुन्याचा क्रमांक त्यावर घालायला विसरू नका.